म्हसोबाच्या पारावरचा डबा

कोल्हापूर,
१८ जून २०२५

ती. बसव्वा आत्तीस,
संगमेशचा नमस्कार, शरणार्थी.

आम्ही सगळे बरे आहोत. शिवांशची शाळा सुरू झाली. तू दिलेली शेंगाचटणी संपली, म्हणून सुष्मिता रोज तुझं नाव काढते. फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढतोय.

कर्नाटकी बेंदरादिवशी झालं ते मनाला लावून घेऊ नकोस. पार रंगवताना पोरांना दगडाखाली डबा सापडला, त्यात बाहुली निघाली, आणि गल्लीतल्या कृष्णातअण्णांची म्हैस नेमकी त्याच आठवड्यात आटली. लोकांनी लगेच करणी म्हणायला सुरुवात केली. तू रोज तिथं दिवा लावतेस म्हणून तुझं नाव आलं, एवढंच. नारळ फोडायला सांगितलं म्हणून माझ्यावर रागावली असशील. पण चार लोकांत वाद वाढवून काय मिळणार होतं? तू फोडलास, विषय संपला. डबा मी त्याच दिवशी पुलावरून नदीत टाकला.

कृष्णातअण्णांची स्नेहल बाळंतपणाला आलीय म्हणे. तिच्या बाळाला तूच न्हाऊ घालणार असशील. पाय जपून पसर, गुडघ्याला तेल लाव. आणि फोन उचल.

तुझा लाडका,
संगमेश


कोल्हापूर,
८ जुलै २०२५

ती. आत्ती,

मागचं पत्र चुलीत घाल. त्यात खोटं फारसं नव्हतं, पण खरं होतं ते सगळं मी गाळलं होतं.

काल कृष्णातअण्णा इथं बँकेत आले होते. मी त्यांना चहाला बाहेर नेलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्ती तुमच्या नातवाला न्हाऊ घालते ना? ते कपात बघत म्हणाले, “न्हाय बा. शिरोळची बाई लावलीया. पावणं, वाईट वाटून घिऊ नका, पर नारळ तिनंच फोडला की. चूक नसती तर फोडला असता व्हय? आन तुमीच तिला फोड म्हनलासा. घरच्या मानसानंच तसं म्हनल्यावर आमी काय समजायचं?”

गल्लीत आता तुला कुणीच बोलावत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. रविवारच्या बारशाचं आमंत्रण मला दिलं. तुला दिलेलं नाही. मी काय केलं सांगू? बिस्किट बुडवून खाल्लं आणि चहाचे पैसे मीच देतो म्हणून हट्ट धरला.

आत्ती, तो डबा माझा होता.

मोबाईलवरचा एक खेळ आहे, जिओकॅशिंग म्हणतात. एकानं डबा लपवायचा आणि जागेचा ठावठिकाणा ॲपवर टाकायचा, बाकीच्यांनी मोबाईल बघत शोधून काढायचा. आत शोधणाऱ्यांनी नावं लिहायला कागदाची गुंडाळी असते आणि अदलाबदलीला किरकोळ वस्तू. मी बाहुली टाकली होती, लाल मणी टाकले होते, किल्लीला अडकवायचं प्लास्टिकचं लिंबू टाकलं होतं. त्यात करणी नाही आणि काही नाही. पोरखेळ आहे, मोठी माणसं खेळतात.

या खेळाची रीत अशी की न खेळणाऱ्याच्या हाती लागेल अशा जागी डबा ठेवायचा नाही, आणि हा खेळाचा डबा आहे अशी चिठ्ठी वर चिकटवायची. मला आडरानात लपवण्यात मजाच वाटायची नाही. लोकांच्या नाकासमोर ठेवायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही माझी हुशारी. ॲपवरचे लोक वाहवा करायचे, मी फुगायचो. रंकाळ्यावरचा एक डबा भेळवाल्याला सापडला आणि त्यानं त्यात चिरलेली मिरची ठेवली, तेव्हा मी घरी येऊन पोट धरून हसलो. सुष्मिता म्हणाली, “एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या गळ्यात येईल तुमचा हा खेळ.” मी तिलाही हसलो.

उन्हाळ्यात तुझ्याकडं आलो होतो, तेव्हा दिवा लावायला तुझ्याबरोबर पारावर आलो. तू डोळे मिटून हात जोडलेस, तेवढ्यात मी डबा पाराच्या कडेच्या दगडाखाली सरकवला. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. चिठ्ठी लावली नव्हती. येणारे-जाणारे रोज त्याच्यावर बसणार आणि कुणालाच कळणार नाही, याचं मला हसू येत होतं. परत जाताना तू विचारलंस, “का हसालैस रं?” मी काही नाही म्हणालो.

बेंदरादिवशी कृष्णातअण्णांनी मला बोलावून घेतलं ते तुझी समजूत काढायला. पारावर वर्तमानपत्र पसरून त्यावर डबा ठेवला होता. माझी चिकटपट्टी मी लांबूनच ओळखली. तू सगळ्यांच्या मधे उभी होतीस, पदर घट्ट धरून. मला बघून तुझा जीव भांड्यात पडला, ते मला दिसलं. तू म्हणालीस, “संग्या, तू तरी सांग की रं ह्यास्नी. मी कशाला करीन असलं? ह्यांची लेकरं माज्या पायावर वाढल्यात.”

एक वाक्य पुरलं असतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, “ज्यानं ठेवलंय त्याला हितंच बांधून हाणा!” माराची भीती होतीच. त्याहून जास्त वाटलं ते असं, की बँकेतला माणूस बाहुल्या लपवत गावोगाव फिरतो हे कळलं तर सगळे हसतील. मी तेवढ्याला भ्यालो, आत्ती. स्वतःचं हसं होऊ नये म्हणून मी तुझी अब्रू दिली. वर शहाण्यासारखा आवाज काढून म्हणालो, “आत्ती, नारळ फोड आणि मोकळी हो.”

तू माझ्याकडं बघितलंस आणि नारळ फोडलास. म्हसोबाला घाबरून नव्हे, तर संग्या म्हणतोय म्हणून फोडलास. डबाही मी तुझ्यासाठी टाकला नाही. आतल्या कागदावर पहिलं नाव माझं होतं, कुणीतरी उलगडून बघेल अशी धास्ती होती.

आधी ठरवलं होतं की हे पत्र कृष्णातअण्णांना देऊन दूध संस्थेत सगळ्यांसमोर वाचायला सांगावं. मग माझीच मला चीड आली. इथंही मी दुसऱ्यालाच पुढं करत होतो. रविवारी मी बारशाला येतो. पाळणा म्हणायच्या आधी सगळ्या बायामाणसांसमोर उभा राहून सांगतो. डबा ठेवताना काढलेला फोटो ॲपवर अजून आहे, तो दाखवतो. ते विश्वास ठेवतील की नाही, माहीत नाही. घरच्या बाईला वाचवायला आलाय, असंही म्हणतील. म्हणाले तर पुन्हा सांगेन, दारोदार जाऊन सांगेन. स्नेहलचं बाळ तुझ्या पायावर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. कुणी माझ्या अंगावर धावून आलं तर मधे पडू नकोस. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे: “पोरगं हाय, जाऊ द्या.” मी चाळिशी ओलांडली, आत्ती. त्या दिवशी तुला म्हातारी म्हणून कुणी जाऊ दिलं नाही. मी तर अजिबात दिलं नाही. तेव्हा मला पोरगं म्हणू नकोस.

खाली लाडका लिहायला हात धजत नाही.

डबा ठेवणारा,
संगमेश