समुद्रासाठी भरलेली बॅग

प्रिय आई,
अंदमानातून तुझ्या आचलचा नमस्कार.

उद्या पहिल्यांदा हौशी मासेमारांच्या बोटीवर जाते आहे. त्यांनी धरलेला मासा मोजून परत सोडायचा, हे माझं काम. "सोडाचाच हाये तं धरता काहून?" हा तुझा प्रश्न त्यांनाच विचारणार आहे.

बॅग भरली. टोपी, हातमोजे, उलटीच्या गोळ्या आणि बाबांचा बागेत घालायचा लांब बाह्यांचा शर्ट. तू दिलेला स्वेटर खोलीवरच ठेवला, रागावू नको. इथे फार उकडतं. बाबांचा खोकला थांबला का?

समुद्राची तुला भीती वाटते, मलाही थोडी वाटते. पण लाइफ जॅकेट आहे, आणि मला पोहता येतं. गाव नावं ठेवत होतं, तरी तू माझ्या कमरेला दोर बांधून मला विहिरीत उतरवलंस आणि स्वतः काठावर दोर धरून उभी राहिलीस. म्हणून मी इथवर आले.

तुझीच,
आचल