तीन फोन, तीन सॉरी

पिंप्राळा, जळगाव
आखाजीच्या सणाला अठरा दिवस

प्रिय सुलक्षणाअक्का,

कुमूचा वाकून नमस्कार. पिंपळनेरला सगळी खुशाल असाल. तुझे गुडघे कसे आहेत? (फोनवर विचारलं की तू "गुडघा शेत जागावर" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लेखी विचारते आहे. लेखी थाप मारणं तुला जमत नाही.) इकडे ऊन असं आहे की सकाळी दहाला नळाचं पाणी चहाला चालावं. यांची तब्येत ठीक, कुरकुर नेहमीइतकी.

अक्का, पंधरा दिवसांत तू तीनदा फोन करून मोठ्या आईचं, आपल्या आजीचं खापर परत मागितलंस आणि तिन्ही वेळा मी "सॉरी अक्का, पाठवते हं" म्हणून विषय बदलला. नातवाच्या बारशाला पुरणाचे मांडे करायला म्हणून ते तुझ्याकडून आणलं, त्याला तीन महिने झाले. (आमची सूनबाई त्याला "तो उलटा माठ" म्हणते. मी दुरुस्त करत नाही, दिसतं तसंच.) आखाजीला तुझ्या दोघी लेकी माहेरी येणार, त्यांना त्याच खापरावरचे मांडे हवेत, हे मला ठाऊक आहे. तिसऱ्या वेळी तू काही न बोलता फोन ठेवलास. साठ वर्षांत तू माझ्याशी अबोला धरलेला नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. खापराचं लिहितेच, पण आधी त्या "सॉरी"बद्दल लिहू दे.

हा शब्द आपल्या घरात मीच आणला. भुसावळच्या कॉन्व्हेंटमधून मे महिन्याच्या सुट्टीत आले होते, आठ वर्षांची. ओसरीवर ताकाचं भांडं माझ्या पायाने लवंडलं आणि मी ताठ उभी राहून "सॉरी" म्हटलं. तू विचारलंस, "हाई काय शे? खावानं शे का?" मोठ्या आईने पुरणाच्या हातानेच फडकं माझ्याकडे फेकलं आणि म्हणाली, "तुनी सॉरी पुसी लेई का ते?" मी रडत रडत ओसरी पुसली. मग तिने पहिला मांडा मलाच दिला, तुपासकट. तू आठ दिवस धुसफुसत होतीस.

शाळेत मात्र त्या शब्दाचा मान होता. आमच्या सिस्टर बेनेडिक्टांकडे नुसतं सॉरी चालत नसे. सरळ उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं आणि आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. "सॉरी सिस्टर, शाईची दौत मी सांडली." तो शब्द उच्चारायला अंगात बळ लागायचं, म्हणून आम्ही दौती जपून वापरत असू.

आता बघ. परवा आमच्या गल्लीत स्कूटीवरची एक मुलगी दुरूनच "सॉरी काकू, सॉरी काकू" करत आली आणि मग माझ्या पिशवीला धडकली. म्हणजे सॉरी आधी, धडक नंतर, हॉर्नसारखं. टोमॅटो वेचायला मी वाकेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा. वीज गेल्याची तक्रार करावी तर फोनमधली बाई इतक्या गोड आवाजात दिलगिरी व्यक्त करते की मलाच म्हणावंसं वाटतं, जाऊ दे बाई, तू तरी काय करशील. (वीज साडेचार तासांनी आली. दिलगिरी दर मिनिटाला येत होती.) कापडवाल्या सोहनलालकडून घेतलेल्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात यांच्या बनियनला लागला. घेऊन गेले तर त्याने हात जोडून चार वेळा "सॉरी भाभी" म्हटलं, चहा पाजला आणि साडी पुन्हा नीट घडी करून माझ्याच पिशवीत ठेवली. गल्ल्यामागे त्याची आई सुगनबाई बसली होती, तिने ऐंशी कधीच ओलांडली आहे. ती म्हणाली, "हमारे टैम में सॉरी नहीं था, इसलिए कपड़ा बदलना पड़ता था." तिने खूण केली तेव्हा साडी बदलून मिळाली.

आणि ह्या सॉरीची एक जोडीदारीण आहे, "इट्स ओके" नावाची. एकाने सॉरी म्हणायचं, दुसऱ्याने इट्स ओके, झालं. झालेलं नुकसान मध्ये तसंच पडून राहतं, त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, लेकींना आशीर्वाद.

तुझी,
कुमू

ता. क. सरळ उभी राहून लिहिते आहे, ओट्याला टेकून. अक्का, मोठ्या आईचं खापर माझ्या हातून फुटलं. परत पाठवण्याआधी एकदा हौस म्हणून गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. संध्याकाळी फरशी गार व्हावी म्हणून मीच पाणी मारलं होतं. फोन वाजला, मांडा जळू नये म्हणून तापलेलं खापर उतरवून त्याच ओल्या फरशीवर ठेवलं. फोनवर कुणी माणूस, "तोतारामभाऊ आहेत का? नाहीत? सॉरी आंटी." तेवढ्यात मागे तडकल्याचा आवाज झाला. खूप दिवस मी त्या माणसाला दोष दिला, पण पाणी मी मारलं होतं. खालच्या मजल्यावरची अनवरी धावत आली, तुकडे पदरात गोळा केले आणि म्हणाली, "अक्का को क्या बोलोगी, भाभी?" मी म्हटलं, सॉरी बोलूंगी. ती तुकड्यांकडे बघून म्हणाली, "बस, उतनाच?"

ता. ता. क. कुंभाराकडून नवं खापर आणलं आहे. त्यावर माझे मांडे चिकटतात, तुझा हात लागल्याशिवाय ते वळणावर यायचं नाही. येत्या सोमवारी एसटीने ते मांडीवर घेऊन येते आहे. जुन्याचा एक तुकडा रुमालात बांधून ठेवलाय, त्याला अजून मोठ्या आईच्या चुलीची काजळी आहे, तो तुझा. एकच मागणं आहे. तुझ्या नातीने तुला "इट्स ओके" म्हणायला शिकवलंय असं कळलं. ते मला म्हणू नकोस. आधी दारातच मला चांगली झाप, आपल्या बोलीत, शेजारणी बाहेर येतील अशी. मग पाणी दे.