खेळायच्या आधीच

ॲन आर्बर, जून १९८५, रविवार

आमच्या बास्केटबॉल टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, घेतलेल्या पोराला पेपरातल्या वार्ताहराने आज काडीपैलवान ठरवलं. निवड वाया गेली म्हणे. शेजारचा देशपांडे आणि मी चहा पिता पिता त्या वार्ताहराला मनसोक्त शिव्या घातल्या. अरे, पोरगा अजून एकही मॅच खेळला नाही, आणि नुसता फोटो बघून निकाल?

मग हिने माझ्या धाकट्या भावासाठी नाशिकहून आलेला मुलीचा फोटो पुढे केला. नवी साडी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. मी म्हटलं, "फारच बारीक आहे गं. नको म्हणून कळवून टाक."

सोफ्यावरून आमची मीनल इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ती तरी कुठे खेळलीय अजून?"

देशपांडे हसला. मला का नाही हसता आलं?

फोटो पुन्हा हातात घेतला. खुर्ची तिने किती घट्ट धरलीय, ते आत्ता दिसलं.