आईचं दुखणं

ठाकुर्ली,
१४ फेब्रुवारी १९९२

चि. सौ. मंजू,
पाठीवरून हात फिरवून ताईचे आशीर्वाद.

आधी तू ज्याची वाट बघतेस ते सांगते. तुझा लघवीचा रिपोर्ट आला, त्यात काही निघालं नाही. ब्लडप्रेशरही चांगलं होतं. तुला हे दुखणं नाही, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. नामारावांना सांग, करंजाहून लाँचमध्ये तो लघवीचा डबा मांडीवर धरून आणल्याचं चीज झालं. शेजारच्या माणसाने तेल आहे का विचारलं आणि ते हो म्हणाले, हे आठवून आमचे हे अजून हसतात.

माझं छान चाललंय. जखम भरली. परवा नळाखालची कळशी सरकवायला वाकले आणि मग लक्षात आलं, की काहीच झालं नाही. डोकं ठणकलं नाही, छाती धडधडली नाही, पोलकं घामाने भिजलं नाही. तिथंच उभी राहून रडले. शेजारच्या केशरबाईंना वाटलं टाके उसवले, त्या धावत आल्या.

इतकी वर्षं मला काय काय म्हटलं गं लोकांनी. कामाचा कंटाळा, मनाचा खेळ, बाहेरची बाधा. सासूबाईंनी लिंबू उतरवले, जुन्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांच्याकडे पोचेपर्यंत झटका ओसरलेला असायचा आणि प्रेशर बरोबर भरायचं. या नव्या डॉक्टरीणबाईंकडे मात्र पिशवी उचलायला वाकले आणि तिथंच सुरू झालं. त्यांनी लगेच पट्टा बांधला. पारा वर वर जाताना त्यांनी स्वतः बघितला. झटका जाईपर्यंत माझा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "सगुणाबाई, हे तुमच्या मनाचं नाही. शरीरात काहीतरी आहे, आपण ते शोधू." ऑपरेशनपेक्षा त्या बोलण्यानेच मी अर्धी बरी झाले बघ.

मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिला गाठ आलेली. तीच मधूनच रक्तात रस सोडायची आणि प्रेशर चढवायची. ऑपरेशनआधी गोळ्या देऊन मला मीठ भरपूर खायला सांगितलं, तेव्हा प्रेशरला मीठ वाईट म्हणून सासूबाईंना डॉक्टरच खोटे वाटले. आता त्याच येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं समजावून सांगतात.

आणि तू. घर टाकून आलीस, रक्त दिलंस, वॉर्डात माझी वेणी घातलीस, मला शहाळ्याचं पाणी पाजलंस. तुझे आभार कुठल्या तोंडाने मानू?

कालपासून लिहितेय आणि सारखी इथं येऊन अडतेय. आता लिहूनच टाकते.

ऑपरेशनच्या सकाळी मला ट्रॉलीवरून नेत होते तेव्हा तू खांबाआड उभी राहिलीस. मी बघितलं. आदल्या दिवशी तू हसत म्हणाली होतीस, "ताई, जाताना माझं तोंड बघू नको." खरं काय ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा बाईंनी विचारलं, घरात कुणाला असं होत होतं का, कुणी अचानक गेलं का. मी आईचं सांगितलं. चेंदणीला खाडीवरून मासळीची पाटी घेऊन येताना ती मध्येच खाली बसायची. डोकं दोन्ही हातांनी दाबायची, तोंड पांढरंफटक, पदर ओलाचिंब. थोड्या वेळाने उठायची आणि परत पाटी डोक्यावर. मी सात वर्षांची होते, सगळ्याच आयांना असं होतं असं मला वाटायचं. तू पोटात असताना ते फार वाढलं.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण हेच दुखणं असावं. असल्या बाईला बाळंतपण झेपत नाही. "बाळामुळे आई गेली असं कुणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा," म्हणाल्या. हे घराण्यात उतरू शकतं, बहिणीला तपासा, असंही बजावलं. म्हणून तुझ्यामागे त्या डब्यासाठी हट्ट धरला. रिपोर्ट येईपर्यंत पुढचं बोलवेना. एक भीती काढायला जावं आणि दुसरी घालावी, असं झालं असतं.

मंजू, तू आईला खाल्लं नाहीस. रंगूआत्या सुईणीसमोर ते बोलली आणि मग सगळा कोळीवाडा बोलत राहिला. पण मी दाराशी होते. आईनं तुला मागून घेतलं होतं. तुझं तोंड नीट बघितलं, कपाळावर बोट फिरवलं आणि हसली. डोकं दुखतंय म्हणाली ती त्याच्यानंतर. मला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मोठी झाल्यावर वाटायचं, सांगून तुला जास्तच लागेल.

रविवारी चेंदणीला जाऊन आबांना सगळं सांगितलं. आत्याही तिथंच होती, ती उठून आत गेली. आबा जाळं विणायचे थांबले. म्हणाले, "मंजूला तूच सांग गो. मी कंदी उचलून नाय घेतली तिला." म्हातारा रडला गं. मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं.

चैत्रात आईचा दिवस येतोय. तोच तुझ्या जन्माचाही दिवस, पण तू तो उपाशी काढतेस. यंदा नामारावांना घेऊन इकडे ये. आईला पान ठेवू, मग तुला पाटावर बसवून ओवाळीन. आबा येतो म्हणालेत. बोलतील न बोलतील, पण तू त्यांच्यासमोर बस. तोंड लपवू नको.

तू जन्मलीस त्या दुपारी तुला पहिल्यांदा मांडीवर घेतलेली,
तुझी ताई
सगुणा