क्रेनवालीचं इंग्रजी

सोमवार, ३ मार्च

नोटीस लागली! कारखाना नवीन मालकांनी घेतला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी निघणार. २१ एप्रिलला सगळ्या क्रेन ऑपरेटरांची तोंडी परीक्षा. इंग्रजीत. यापुढे वॉकीटॉकीवर सगळे सिग्नल इंग्रजीत. पास होतील ते केबिनमध्ये, नापास ते गोदामात.

एकोणीस वर्षं मी चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसून पोलादी टाक्या इकडच्या तिकडे ठेवतेय. एकाही टाकीने मला इंग्रजी विचारलेलं नाही!

नवरा म्हणाला, "गोदामात पंखा तरी आहे." जेवण होईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

५ मार्च

बाई मिळाल्या शिकवायला! आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला त्यांचा, म्हणून सगळे प्रूफमावशी म्हणतात. कानामागे लाल पेन्सिल अजून आहे. फी नको म्हणाल्या. "चुका आण, ताज्या ताज्या. घरात बसून मला चुकाच मिळत नाहीत."

मी लगेच दिल्या. म्हटलं, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइंटीन इयर्स." मावशींनी दाढ दुखल्यासारखे डोळे मिटले.

"आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइंटीन इयर्स." सिन्सला सुरुवात लागते, फॉरला लांबी. आणि हॅव बीन वर्किंग म्हणजे मागे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. अजून थांबलेलं नाही!! मी जिना उतरताना मोठ्याने तेच म्हणत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडून बघितलं.

८ मार्च

अ आणि द. आज समजलं एकदाचं!

अ हुक म्हणजे कुठला तरी एक हुक. द हुक म्हणजे तो, ज्याच्याकडे आपण दोघं बघतोय. आणि कोणी वॉकीटॉकीवर म्हणालं "लोअर द हुक", तर त्याने गृहीत धरलंय की मला कुठला ते माहीत आहे. म्हणजे 'द' हा विश्वास आहे! मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "असं कुठल्या व्याकरणात नाही. पण राहू दे."

१२ मार्च

सासूबाई पण सामील. मी स्वयंपाकघरात कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात. त्या विचारतात, "कप-बोर्ड. मग 'कबर्ड' का म्हणतेस?" पी मुका आहे, म्हटलं. "मग ठेवलाय कशाला?" लेक हसून लोळायची बाकी होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "हसू नकोस, तुझे आजोबा पण असेच होते. बोलायचे नाहीत, पण जागा धरून असायचे."

१९ मार्च

आज थोडक्यात निभावलं.

इंग्रजी सिग्नलची पहिली रंगीत तालीम. खाली नवीन सिग्नलमन, हुकाला टाकीचं झाकण. तो म्हणाला, "राइट... होल्ड इट." मी राइट ऐकलं आणि झाकण उजवीकडे नेलं! तिकडे कोणी नव्हतं म्हणून बरं. वेल्डरचा डबा तेवढा चेपला. त्याला नुसतं 'बरं, थांब' म्हणायचं होतं!

मावशींकडे धावत गेले. राइट म्हणजे उजवं, राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे हक्क, आणि राइट म्हणजे काहीच नाही, नुसतं 'हं'. एका शब्दाचे चार धंदे! "मग ते लोक मरत कसे नाहीत?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "नियम कर. तुझ्या क्रेनवर राइटला एकच धंदा."

२० मार्च

सेफ्टीच्या साहेबांना सांगितलं. हे नवीन मालकांबरोबर आलेत, तरुण आहेत, मराठी तोडकं-मोडकं. मी म्हटलं, "ऑन द रेडिओ, राइट इज ओन्ली डिरेक्शन. फॉर ओके, से ओके." त्यांनी लिहून घेतलं. माझं इंग्रजी वाक्य साहेबांनी लिहून घेतलं!!

आणि दुपारी ते सगळ्या शेडला लागू. मी केबिनमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

२६ मार्च

कर्मणी प्रयोग. पॅसिव्ह व्हॉइस. हा प्रकार मला आवडला नाही. "द लिड वॉज डॅमेज्ड." कोणी केलं? वाक्यात माणूसच नाही. मावशी म्हणतात, वाईट नाही तो, कधीकधी लागतो. पण असं वाक्य दिसलं की पेन्सिल टेकवून विचारायचं, कर्ता कुठे लपलाय?

लेक म्हणाली, आपण पण करतो की, "काच फुटली." बरोबर. ती काच तिनेच फोडली होती. परवा.

२९ मार्च

मी आज एक अख्खा कागद वाचला!!!

परीक्षेआधी प्रत्येकाला आपापल्या फाइलच्या प्रती दिल्यात, तपासून सही करायला. माझ्यात तीन वर्षांपूर्वीच्या अपघाताची माझी जबानी निघाली. तेव्हा मी मराठीत सांगितलं होतं, जुन्या कंपनीच्या रिपोर्टबाबूंनी इंग्रजीत लिहून घेतलं, मी सही केली.

तो अपघात मला लिहवत नाही, पण लिहिते. शिट्टीदादा माझे सिग्नलमन. खरं म्हणजे गुरू. क्रेन त्यांनीच शिकवली, तोंडातल्या शिट्टीवर. लांब एक म्हणजे उचल, आखूड दोन म्हणजे थांब. त्या दिवशी हुक वर असताना ब्रेक घसरला, भार खाली आला आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. नंतर त्यांनी काम सोडलं. मी दोनदा भेटायला गेले, दारातूनच "बरं आहे" म्हणाले. दुखणं माणसाला कडू करतं, असं मी धरून चालले.

तर तो कागद. डिक्शनरी फक्त चारदा उघडली! "द सिग्नलमन हॅड बीन टोल्ड टू स्टँड क्लिअर." म्हणजे त्यांना स्पष्ट दिसेल असं उभं राहायला सांगितलं होतं. "ही फेल्ड टू डू सो." ते जमलं नाही. खरंय, धूर फार होता. "द ब्रेक वॉज फाउंड टू बी इन ऑर्डर." ब्रेकची ऑर्डर दिलेली होती. बघा! मी आठवडाभर आधी तक्रार केली होती, म्हणजे मागवला होता बिचाऱ्यांनी.

उद्या मावशींना वाचून दाखवणार. शाबासकी वसूल करणार!

३० मार्च

शाबासकी मिळाली नाही.

१ एप्रिल

आज लिहिते. परवाचं.

मावशींनी कागद दोनदा वाचला. मग पेन्सिल कानामागे ठेवली, जी त्या कधी ठेवत नाहीत धडा चालू असताना. म्हणाल्या, "स्टँड क्लिअर म्हणजे दूर उभं राहा. इन ऑर्डर म्हणजे व्यवस्थित, बिघाड नसलेलं."

सिग्नलमनला दूर उभं राहायला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. ब्रेक तपासला तर व्यवस्थित होता.

खाली माझी सही. मराठीत, गोलगोल, सुबक.

मी असं बोललेच नव्हते! मी म्हटलं होतं, ब्रेक घसरला, मी आठ दिवसांपासून सांगतेय. "हॅड बीन टोल्ड" – कोणी सांगितलं? "वॉज फाउंड" – कोणी तपासला? एकही कर्ता नाही. दोन पानांत उघड कर्ता एकच, चूक करणारा. शिट्टीदादा.

त्यांच्या फाइलवर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा आहे, आज ऑफिसातून कळलं. माझ्या जबानीवरून.

दुखण्याने कडू झालेत म्हणे! आणि मी तीन वर्षं त्यांनाच मनातल्या मनात माफ करत होते.

३ एप्रिल

नवरा म्हणतो, परीक्षा होऊ दे, मग दे पत्र. "आधीच खोट्या कागदावर सही केली म्हणून तुलाच धरतील." चूक नाही त्याची. केबिन जाऊ शकते. रात्रभर—नाही, खोटं कशाला लिहू, झोपले मी. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं.

५ एप्रिल

पत्र लिहिलं. इंग्रजीत, मी स्वतः! मावशींनी फक्त स्वल्पविराम बदलले आणि 'व्हेरी' हा शब्द सात ठिकाणी कापला. "विशेषण नको, रडणं नको. कर्ता, क्रियापद, कर्म."

आय रिपोर्टेड द ब्रेक ऑन सिक्स्थ जून. नोबडी रिपेअर्ड इट. ऑन फोर्टीन्थ जून द ब्रेक स्लिप्ड. आय साइन्ड अ स्टेटमेंट आय कुड नॉट रीड.

शेवटच्या वाक्यावर मावशी थांबल्या. म्हणाल्या, "यात मला काही करायचं नाही." आणि चष्मा पुसत बसल्या.

खरं सांगू? भीती वाटायला हवी होती. पण अंगात वारं शिरल्यासारखं झालंय! माझी वाक्यं सरळ उभी आहेत आणि प्रत्येकाला माणूस आहे.

७ एप्रिल

पत्र सेफ्टीच्या साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. "यू रोट धिस?" "येस सर. आय रोट इट." त्यांनी विचारलं, पुरावा? मी सांगितलं, क्रेनची देखभाल वही बघा, सहा जून. मी माझ्या हाताने तक्रार लिहिली होती, मराठीत. त्यांना वाचता येणार नाही, वाचून द्यायला मी येईन म्हटलं.

वही सापडायला हवी.

१३ एप्रिल

शिट्टीदादांकडे गेले. ते आता सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. डाव्या हाताने पंक्चर काढत होते, मान वर केली नाही. मी स्टुलावर बसले आणि पत्राची प्रत मराठीत वाचून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ट्यूब पाण्यात तशीच राहिली. बुडबुडे येत होते.

"तो कागद माझ्याकडे पण आला होता," दादा म्हणाले. "पुतणीने वाचला."

"मग भांडायला का नाही आलात? तोंडावर मारायचा होतात."

"तुला वाचता येत नाही, हे माहीत होतं मला. सहीचा राग नव्हता गं." त्यांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली. "बाबूला एवढं तरी म्हणायचं होतंस, काय लिहिलंय ते सांगा. माझ्यासाठी एवढं विचारावंसं वाटलं नाही तुला, याचा राग."

मी रडले. त्यांनी ग्रीसचं फडकं पुढे केलं आणि मग दोघांनाही हसू फुटलं, ते डोळ्याला लावायच्या लायकीचं नव्हतं!

निघताना म्हणाले, "परीक्षा कधी आहे? घाई करू नकोस. तू उत्तर आधी देतेस, प्रश्न नंतर ऐकतेस."

१६ एप्रिल

वही सापडली!!! सहा जून, माझं अक्षर. "हुकाचा ब्रेक घसरतो, कृपया बघावा." साहेबांसमोर मी एकेक शब्द इंग्रजीत केला. कृपयाला 'प्लीज' म्हटलं तेव्हा ते खिडकीकडे वळले.

सोमवार, २१ एप्रिल

परीक्षा. बावीस प्रश्न. सगळे पूर्ण ऐकून मग उत्तर दिलं. शेवटी विचारलं, अनुभव किती? "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइंटीन इयर्स, सर." न अडखळता!

२८ एप्रिल

पास!!! शेडमध्ये दुसरा नंबर! सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं, "आमची सून फर्स्ट आली." दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, गप्प बस. नवऱ्याने केबिनसाठी बॅटरीवरचा छोटा पंखा आणलाय. लाजला देताना.

आणि मोठी गोष्ट: शिट्टीदादांचा शेरा रद्द झाला. त्यांना पत्र गेलं, नव्या सिग्नलमनना शिकवायला बोलावलंय. पत्रात कंपनीने लिहिलंय, "वी वेअर राँग." कर्ता पहिल्याच शब्दात! मावशींना दाखवलं. त्यांनी लाल पेन्सिलीने बाजूला बरोबरची खूण केली.

६ मे

यापुढे कामगाराने सही करण्याआधी प्रत्येक कागद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, असा नियम झाला. त्या कामाला माणूस हवा होता. साहेबांनी मला विचारलं. प्रश्न पूर्ण ऐकला, मग हो म्हटलं. सोमवारपासून मी केबिनमध्ये नसेन. घरी अजून सांगायचंय.