लाल दिव्यावरची टिकली

६ जानेवारी
जीप दुरुस्त होऊन आली. इंजिन चांगलं वाजून राहिलं. ऑइलचा लाल दिवा मात्र तसाच पेटलेला. दोन वर्षांपासून उगाच पेटतो. मिस्त्री म्हणे, गुरुजी, इंजिनचं सांगितलं तुम्ही, दिव्याचं नाही.

मालूला आमगावला फोन केला. यंदा घरात संक्रांत नाही, पण दोन दिवस ये, घ्यायला येतो.
"त्या गाडीत मी बसणार नाही, बाबा. आईला दवाखान्यात नेताना रस्त्यात बंद पडली, तेवढं पुरे नाही काय?"
आईची तेरवी झाल्यापासून पोरगी घरी फिरकली नाही. एकुलती एक आहे.

७ जाने.
झोप नाही. त्या दुपारचंच डोक्यात. सुमन छातीला हात लावून बसलेली, गोंदियाच्या रस्त्यावर इंजिन जाम. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास. तिनं एकदा पाणी मागितलं. पाणी नव्हतं.

८ जाने.
दिव्यासाठी जीप परत गोरेगावला नेली. बाजाराचा दिवस, गॅरेजात गर्दी. मिस्त्रीनं दिव्याची काच पुसायला फडकं घेतलं, मी हात धरला. काचेवर टिकली आहे, ती मला पाहिजे.
"दिव्यावर टिकली कोणी लावली, गुरुजी?"
त्याला सांगितलं. मालूला नाही सांगितलं. जीप ओढून आणली त्या दिवशी तिनंही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, मी लावली. तेव्हापासून धड बोलत नाही.

लावली सुमननं. दोन वर्षांमागे.
"अजी, हा कायले पेटून राहिला?"
"खोटा आहे तो."
"मंग मले काऊन भेव दाखवते?" कपाळाची काढली न् दिव्यावर लावली. जुनी झाली की नवी लावे. मी हसलो होतो. जन्मभर पोरांना शिकवलं, आणि हसलो.

टिकली इथं वहीत चिकटवली. डिंक उरला नाही, पडते.

९ जाने.
दोष सापडला. तारेचं रबर घासून गेलं होतं, तार इंजिनला टेकत होती, म्हणून दिवा कायम पेटलेला. त्या दिवशी ऑइल खरंच संपलं तेव्हाही तो पेटलेलाच असणार.
मिस्त्री म्हणे, टिकली नसती तरी तुम्हाला काही समजलं नसतं. तार तेव्हाच बदलायची होती.
अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षं उद्या-उद्या केलं मी. छातीत दुखते म्हणायची, तेव्हाही म्हटलं, वात असेल. माझंच चुकलं, सुमन.

१० जाने.
धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांना पाणी दिलं. मालूला खरं सांगून टाकावं काय? माझ्यावरचा राग उतरेल. पण मग तो आईवर जाईल, आणि ती तर उत्तर द्यायला नाही.
नाही सांगत.

१२ जाने.
आमगावला गेलो, न सांगता. जावई म्हणाले, बसा. मालू आतच. शेवटी म्हटलं, दिवा दुरुस्त केला, एकदा पाहून तर घे.
आली. आईच्या जागेवर बसली. मी चाबी फिरवली, दिवा पेटला. इंजिन सुरू झालं, विझला. असाच पाहिजे.
तिनं हात लांब करून काचेवरच्या चिकट डागावर बोट फिरवलं. आमच्या जीपमध्ये काटे-दिवे मधोमध आहेत.
"इथून बरोबर हात पुरते," म्हणाली. मग, "आईनं लावली होती न?"
"नाही. मी."
"टिकली तुमच्या खिशात राहत होती काय, बाबा?"
ती रडली. मीही रडलो, जावयासमोर.
येतेस काय, विचारलं. पदरानं डोळे पुसून उतरली. "उद्या सांगते."

एकटाच परत आलो. रस्त्यात दिवा एकदाही पेटला नाही. घरापर्यंत मी त्याच्याचकडे पाहत होतो.