भुरीच्या सलाईनचे चार दिवस

प्रिय आबा,

तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी लिहायला बसलेय. आज दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन भुरीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. तुम्ही जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. आज विचारली. ते उत्तर तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

पण त्याआधी मला माझं सांगावं लागेल. तुमच्यासमोर जे तोंडातून निघालं नाही ते.

आठवतं का, खुलताबादकडची मेंढरं विकून तुम्ही आमच्या दोन खोल्यांत राहायला आलात तो दिवस? पत्र्याची पेटी, घोंगडं आणि मागं भुरी. यांनी मला हळूच विचारलं, ‘कुत्रीपण?’ तुमचे कान केवढे तिखट! ‘जावईबापू, ती नको असंल तर मी बी जातो माघारी,’ म्हणालात आणि खरंच पेटी उचललीत. यांनीच पळत जाऊन ती तुमच्या हातातून घेतली.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेला माणूस, सगळी हयात माळावर काढलेली. तुम्हाला अर्धांगाचा झटका येईल असं कुणाला वाटलं असतं? उजवी बाजू गेली आणि तुम्ही खाटेवर आलात. वर्षभरानं भुरीनं खाणं सोडलं. तपासलं तर दोन्ही किडन्या निकामी होत आलेल्या. रोज कातडीखाली सलाईन द्यायचं, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. जगेल तितके दिवस.

यांची वाळूजला कारखान्यात पहिली शिफ्ट, मला साडेदहाला गुलमंडीत साड्यांच्या दुकानात हजर व्हायचं. त्याआधी तुमचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, कूस बदलायची, भरवायचं. मग भुरी. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची आणि तिला तुमच्या खाटेला टेकवून बसवायचं. तुम्ही डाव्या हातानं तिची मान धरायचात. सुई टोचायची वेळ आली की मीच मागं सरायचे.

‘भिऊ नको गं सुमे. मानंवरचं चामडं उचलून सोड. लगेच बसलं नाय तर अंगात पाणी कमी हाय समज. कोकराचं बी असंच बघत्यात.’

किती नीट शिकवलंत! तुमची जीभ जड झाली होती, पण तेवढं बोलणं स्पष्ट यायचं.

आणि तो मंगळवार? भुरीला उलट्या लागल्या म्हणून मी तिला रिक्षात घालून नेलं. ‘तासाभरात येते’ म्हणाले आणि तीन तासांनी आले. तुम्ही भिजलेल्या चादरीवर तसेच पडून होतात. मी रडकुंडीला येऊन तुमच्यावरच खेकसले, ‘शेजारच्या नसीमखालांना हाक का नाही मारली?’ तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, ‘त्यांला काय सांगू? लेक कुत्रीकडं गेलीय म्हणून?’

तुम्ही रागावला होतात का हो आबा? की नुसते लाजला होतात? मी कधी विचारलंच नाही. दोघांपैकी एकाकडं वळले की दुसऱ्याकडं पाठ व्हायची. त्या दिवशी पाठ तुमच्याकडं होती.

पुढच्याच महिन्यात तुमच्या छातीत कफ भरला आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवस. ते चार दिवस भुरीला सलाईन मिळालं नाही. एवढं तुम्हाला माहीत होतं. सगळ्या नात्यागोत्यालाही माहीत आहे.

जे माहीत नाही ते ऐका.

मी ते चारही दिवस दुपारी घरी येत होते. आंघोळ करायला, तुमची पेज करायला. यांना तुमच्याजवळ बसवून. चांगला तासभर असायचे. बाटली गजाला टांगलेली होती, सुया डब्यात होत्या. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम! भुरी दाराशी पडून माझ्याकडं बघायची, आणि मी तिला ओलांडून स्वयंपाकघरात जायचे.

नसीमखाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘चाबी देके जा बेटी. सुई मेरे कू आती, बच्चों के अब्बा कू मैंच देती थी.’ मी काय म्हणाले? ‘नको खाला, मी दिलंय आत्ताच.’

खोटं बोलले, आबा. सरळ खोटं! मी दमले होते. दोन दुखण्यांतलं एक तरी आता संपावं, असं माझ्या मनात आलं होतं. आलं, आणि मी त्याला हाकललं नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा ती रांगत तुमच्या खाटेपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथंच गेली. तुम्ही डावा हात खाली सोडून बराच वेळ तिला चाचपत राहिलात. मग म्हणालात, ‘माझ्या दुखण्यात गेली गं ती. माझ्यामुळं.’

तेव्हा एक शब्द पुरला असता. ‘नाही आबा, माझ्यामुळं.’ मी काय म्हणाले? ‘जाऊ द्या, झालं ते झालं.’

त्यानंतर तुम्ही मला काहीच मागितलं नाहीत. पाणीसुद्धा मी विचारल्यावरच घ्यायचात. खालच्या चादरीला घडी पडून पाठ सोलवटली तरी हाक मारली नाहीत. मला वाटलं, आबा समजूतदार झाले! दोन महिन्यांत तुम्हीही गेलात, आणि जाईपर्यंत कुणावर भार नको म्हणून अंग चोरून पडून राहिलात. भुरी तुमच्यामुळं गेली, हे ओझं मी तुमच्यावर ठेवलं होतं.

आज डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘ते चार दिवस चुकले नसते तर?’ मला ‘काहीच फरक पडला नसता’ एवढं ऐकायचं होतं. त्या विचार करून म्हणाल्या, ‘बरी नसती झाली. पण दहा-पंधरा दिवस अजून काढले असते कदाचित.’

दहा-पंधरा दिवस! तुमच्या खाटेला टेकून बसायचे दहा-पंधरा दिवस. ते मी घेतले, आबा. तुमच्या दुखण्यानं नाही.

क्षमा मागायला आता उशीर झालाय, म्हणून मागत नाही. पण एक वचन देते. वर्षश्राद्धाला पुण्याहून धाकटा ज्ञाना येईल, काका-काकू येतील, आणि जेवताना कुणीतरी म्हणेलच, ‘आबा दवाखान्यात होते म्हणून कुत्री गेली.’ दहा महिने मी ते ऐकून ताटं वाढत राहिलेय. या वेळी हातातलं भांडं खाली ठेवीन आणि सगळ्यांसमोर खरं सांगेन. खालांनाही बोलावणार आहे. धाकट्या भावासमोर मान खाली गेली तर जाऊ दे. या घरात तुमच्या नावावर ती गोष्ट पुन्हा कुणी सांगणार नाही.

तुमची,
सुमी